जॉनचा ज्योवान्नी कसा करायचा: इंग्रजी नावांची इटालियन रूपं, उच्चार आणि देवनागरी लेखन

अनुवादात ‘आन्द्रेआ आली’ असं छापलेलं असतं आणि दोन पानांनी तिला मिशी निघते. इटलीत आन्द्रेआ हे पुरुषाचं नाव, इंग्रजी अँड्र्यूचं जुळं. दुसरीकडे कुणी जॅकसाठी ‘याकोपो’ शोधून आणतं, कुणी मायकेलचं इटालियन रूप ‘मिशेल’ वाचून ते बाईला चिकटवतं. अशा बहुतेक चुकांमागे एकच कारण असतं, क्रम उलटा होतो. आधी स्पेलिंग बघितलं जातं, मग ते इंग्रजी डोळ्यांनी वाचलं जातं, आणि हे नाव बदलायचं तरी का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

अनुवाद, उपशीर्षकं, वंशावळ, चर्चच्या नोंदी किंवा इटालियन शिकणं, काम कुठलंही असो, पुढचा क्रम सोडू नका.

## तयारी

कागदावर चार रकाने आखा: इंग्रजी नाव पूर्ण रूपात, माणूस कोण, इटालियन स्पेलिंग, देवनागरी उच्चार. चौथा रकाना तिसऱ्याशिवाय भरायचा नाही. ऐकीव उच्चारावरून थेट देवनागरीत उडी मारली की दुहेरी व्यंजनं हमखास गळतात.

इटालियन वर्णमालेत २१ अक्षरं आहेत. जे, के, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही पाच अक्षरं परक्या शब्दांपुरती येतात. तुम्ही काढलेल्या ‘इटालियन’ रूपात यांपैकी एखादं दिसलं तर बहुधा ते रूप इटालियन नाही. ‘याकोपो’ हा जुना अपवाद आहे. त्याचं स्पेलिंग जेनं सुरू होतं, आणि तिथे जेचा उच्चार य होतो, ज नव्हे.

## १. आधी टोपणनाव उलगडा

इंग्रजी टोपणनावांचा मूळ नावाशी आवाजाचा संबंध कित्येकदा उरलेलाच नसतो. बिल म्हणजे विल्यम, जॅक म्हणजे बहुधा जॉन, डिक म्हणजे रिचर्ड, जिम म्हणजे जेम्स, हॅरी म्हणजे बहुधा हेन्री, पेगी म्हणजे मार्गारेट, मॉली आणि पॉली म्हणजे मेरी, नॅन्सी म्हणजे ॲन, सॅली म्हणजे सारा. टेड एडवर्ड असू शकतो, थिओडोरही असू शकतो. तिथे अंदाज चालत नाही, पूर्ण नाव शोधावंच लागतं.

इटालियन बाजूलाही हीच गंमत आहे. बेप्पे आणि पेप्पे म्हणजे ज्युझेप्पे, जीजी म्हणजे लुईजी, सान्द्रो म्हणजे आलेस्सान्द्रो, केक्को म्हणजे फ्रान्चेस्को. एन्त्सो हा लोरेन्त्सोचा, विन्चेन्त्सोचा किंवा स्वतंत्रही असू शकतो.

टोपणनावासमोर टोपणनाव ठेवायचं असेल तर आधी दोन्ही पूर्ण नावांची जोडी लावा, मग दोन्ही बाजूंनी छाटा. जॉन–ज्योवान्नी ही जोडी पक्की झाली की मगच जॅकसमोर ज्यान्नी.

## २. माणूस कोण ते ठरवा, मगच नाव बदला

पोप, संत, राजे-राण्या आणि काही जुने विद्वान यांची नावं इटालियनमध्ये बदलतात. इंग्लंडचा तिसरा चार्ल्स तिथे कार्लो असतो, दुसरी एलिझाबेथ एलिझाबेत्ता, आठवा हेन्री एन्रीको, टॉमस मोर तोम्माझो मोरो. राजपुत्र विल्यम आणि हॅरी मात्र इटालियन वर्तमानपत्रांत विल्यम आणि हॅरीच राहतात. थोडक्यात, गादीवर बसलेल्याचं नाव बदलतं, राजघराण्यातल्या बाकीच्यांचं काय रूढ आहे ते बघावं लागतं.

२०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. पोप म्हणून इटालियनमध्ये ते ‘लेओने’, पण जन्मनाव लिहिताना तेच वर्तमानपत्र ‘रॉबर्ट फ्रान्सिस प्रीव्होस्ट’ असंच छापतं. रोबेर्तो फ्रान्चेस्को करत नाही.

आजचे खेळाडू, नट, लेखक, सहकारी यांच्या नावांना हात लावू नका. कादंबरीतलं इंग्रज पात्र रोमला गेलं म्हणून त्याचा ज्योवान्नी होत नाही. एखादं इटालियन पात्र त्याला प्रेमानं तशी हाक मारत असेल, तर तेवढ्या संवादापुरतं चालेल.

इशारा: सरकारी कागदावर नाव कधीच बदलू नका. इटलीतला कर-ओळखक्रमांक, ‘कोदिचे फिस्काले’, १६ खुणांचा असतो आणि त्यातली ३ अक्षरं दिलेल्या नावातून काढतात. नावात ३ व्यंजनं असतील तर ती तिन्ही, ४ किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. म्हणजे जॉनचे जे-एच-एन आणि ज्योवान्नीचे जी-एन-एन. माणूस एक आणि कोड दोन, की बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळं अडतं. मराठी माणसांनी इथे आणखी एक बघावं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव बऱ्याचदा दिलेल्या नावाच्याच रकान्यात असतं आणि कोड काढताना तो सगळा रकाना सलग एक शब्द धरतात. नुसत्या ‘रवी’चे आर-व्ही-ए होतात, ‘रवी विठ्ठल’चे आर-व्ही-टी. अर्जात पासपोर्टाशी अक्षरश: जुळणारं नाव द्या.

## ३. नावाचं मूळ शोधा, आवाज नव्हे

आवाज जुळतो म्हणून जोडी जुळत नाही. जेम्स आणि जेकब ही इंग्रजीत दोन वेगळी नावं आहेत. इटालियनमध्ये प्रेषित जेम्स म्हणजे ज्याकोमो आणि जुन्या करारातला जेकब म्हणजे ज्याकोब्बे. मारिओला मारीआचं पुल्लिंग समजतात, तेही चूक. तो रोमन ‘मारिउस’वरून आलाय. जाइल्सचा एजीद्यो होतो, जेरोमचा जिरोलामो, डेनिसचा द्योनीजी, ब्लेझचा ब्याज्यो. हे ऐकून कुणाला सुचणार नाही.

शोधायला सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे संतांचं पंचांग. इंग्रजी नावाच्या संताचा सण आणि इटालियन नावाच्या संताचा सण एकाच तारखेला आला तर जोडी बरोबर. स्टीफन आणि स्तेफानो २६ डिसेंबर, लॉरेन्स आणि लोरेन्त्सो १० ऑगस्ट, लूसी आणि लुचीआ १३ डिसेंबर, पॅट्रिक आणि पात्रित्स्यो १७ मार्च. गोव्यातल्या वाचकाला यातल्या काही तारखा तोंडपाठ असतात. २४ जूनचं सांजांव म्हणजे इटलीतला सान ज्योवान्नी. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात ज्याचं फेस्त असतं तो फ्रान्सिस झेवियर इटालियनमध्ये फ्रान्चेस्को सावेर्यो, म्हणजे झेवियरचं इटालियन रूप सावेर्यो. आणि आलोयसियस हे नाव गोवा-मंगळूरकडे अजून ठेवतात, त्याचं इटालियन रूप लुईजी: २१ जूनचा आलोयसियस गोन्झागा हा तिथला लुईजी गोन्झागा.

गोव्यातल्या जुन्या नोंदींत पोर्तुगीज रूप मधे येतं, तेवढं सांभाळा. १५७९ मध्ये गोव्याला आलेले इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स तिथल्या कागदांत ‘तोमास इश्तेव्हांव’ होतात, आडनावाचाही अनुवाद होतो. अशा नोंदीवरून इटालियन रूप काढताना आधी इंग्रजी किंवा लॅटिन मूळ गाठा. पोर्तुगीजवरून इटालियनवर सरळ उडी मारू नका.

पंचांग हाताशी नसेल तर अक्षरांच्या नेहमीच्या बदलांवरून अंदाज बांधता येतो. एच गळतो: हेलन–एलेना, हेक्टर–एत्तोरे, ह्यू–ऊगो. पीएचचा एफ होतो, टीएचचा नुसता टी: फिलिप–फिलिप्पो, टॉमस–तोम्माझो, कॅथरीन–कातेरीना. एक्सचा दुहेरी एस होतो: अलेक्झांडर–आलेस्सान्द्रो. सीटी आणि पीटीचा दुहेरी टी: व्हिक्टर–वित्तोर्यो, बॅप्टिस्ट–बात्तिस्ता. जेच्या जागी जीआय येतो: जोसेफ–ज्युझेप्पे, ज्युडिथ–ज्युदित्ता. डब्ल्यूच्या जागी जीयू: विल्यम–गुल्येल्मो, वॉल्टर–ग्वाल्त्येरो. सीएल, बीएल, एफएल यांतल्या एलचा आय होतो: क्लेअर–क्यारा, ब्लांश–ब्यान्का, फ्लॉरेन्स–फ्योरेन्त्सा. हा शेवटचा नियम सगळीकडे लागत नाही. क्लाउद्या आणि फ्लोरा जशाच्या तशा राहिल्या आहेत.

तपासा: नाव मुळात आडनाव किंवा गावाचं नाव होतं का? स्टॅन्ली, डग्लस, वेन, शर्ली, ॲशली यांना इटालियन जुळं नाही. बळंच तयार करू नका. केविन तर इटलीतल्या मुलांनाही केविन म्हणूनच ठेवतात. जेनिफरचं मूळ जिनेव्रापाशी पोचतं खरं, पण आजच्या जेनिफरला जिनेव्रा म्हटलं तर ती वळूनही बघणार नाही.

## ४. शेवटचा स्वर आणि लिंग

‘ओ म्हणजे पुरुष, आ म्हणजे बाई’ हा नियम अर्धाच खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच जास्त गोत्यात आणतो.

आ-नं संपणारी पुरुषांची नावं: आन्द्रेआ, लूका, निकोला, मात्तीआ, एलीआ, तोबीआ, बात्तिस्ता. ए-नं संपणारी पुरुषांची नावं: मिकेले, दान्येले, गाब्र्येले, सिमोने, राफ्फाएले, दाविदे, फेलीचे. ए-नं संपणारी बायकांची नावं: आलीचे, बेआत्रीचे, इरेने, रकेले, आन्येझे. त्यात इंग्रजी-फ्रेंच वळणाच्या मिशेल, डॅनिएल, गॅब्रिएल, सिमोन या बायका इटालियनमध्ये अनुक्रमे मिकेला, दान्येला, गाब्र्येल्ला, सिमोना होतात. स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक आणि माणूस बदलतो.

इंग्रजीत लिंग वाक्यात दिसत नाही, त्यामुळे इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याला चूक कळतही नाही. मराठीत आला-आली, गेला-गेली करताना ती उघडी पडते. म्हणून पहिलं क्रियापद लिहिण्याआधी लिंग नक्की करा. मूळ इटालियन मजकूर असेल तर विशेषणाचा शेवट किंवा आधीचा ‘सिन्योर’, ‘सिन्योरा’ बघा.

संतांच्या नावांआधी आणखी एक खूण मिळते. पुरुष संताआधी ‘सान’ येतं: सान ज्योवान्नी. एसच्या पुढे लगेच दुसरं व्यंजन असेल तर ‘सान्तो’: सान्तो स्तेफानो. बाईआधी ‘सान्ता’: सान्ता क्यारा. स्वरापूर्वी मात्र दोघांचंही ‘सान्त’ होऊन नावाला चिकटतं: सान्तान्द्रेआ, सान्तान्ना. त्यामुळे ‘सान्त’ बघून लिंग ठरवू नका.

## ५. स्पेलिंगवरून ध्वनी

इटालियन स्पेलिंग नेमानं चालतं. नियम थोडेच आहेत, पण सगळे लागतात.

सी आणि जी यांच्या पुढे ई किंवा आय आला तर च आणि ज. पुढे ए (म्हणजे आ चं अक्षर), ओ, यू किंवा व्यंजन आलं तर क आणि ग. मधे एच घातला की च-ज चा पुन्हा क-ग होतो. म्हणून मायकेलचा मिकेले, रेचलची रकेले, मार्गारेटची मार्गेरीता. पिझ्झाचं नावही मार्गेरीता. आपल्याकडच्या मेन्यूकार्डावरचं ‘मार्गारिटा’ हे स्पॅनिश रूप आहे, ते पेयाला शोभतं.

सीआय आणि जीआय यांच्या पुढे दुसरा स्वर आला तर मधला आय बहुधा मुका असतो, फक्त च-ज ची खूण करतो. जॉर्जचा ज्योर्ज्यो दोन अक्षरांचा आहे: ज्योर्-ज्यो. ‘जिओर्जिओ’ अशी चार अक्षरं नाहीत. ज्योवान्नीतही तसंच, ‘जिओ’ नाही. आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, त्या आयवरच असेल तर मात्र तो उच्चारायचा, लुचीआ हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

जीएन म्हणजे न्य, आन्येझेमधला. जीएलआय म्हणजे ल्य, गुल्येल्मोमधला. इथे मराठी वाचकाचं काम सोपं आहे. ‘कन्या’ आणि ‘कल्याण’ म्हणताना न आणि ल वर जो दाब येतो तो इटालियनलाही हवाच असतो. रेडिओवाल्या मार्कोनीचं पहिलं नाव गुल्येल्मो, त्यात ग दोनदा उच्चारायचा नाही.

एससीच्या पुढे ई-आय आला तर श: प्रिशिल्ला. नाहीतर स्क: फ्रान्चेस्का.

दोन स्वरांमधला एस प्रमाण उच्चारात झेब्रातल्या झसारखा: ज्युझेप्पे, तोम्माझो, लुईझा, तेरेझा. दक्षिण इटलीत तिथे स ऐकू येतो. दोन्ही चालतात, पण एका पुस्तकात एकच धरा. दुहेरी एस नेहमी स्सच.

झेडला फार लोक अडखळतात. त्याचा उच्चार बहुतेक नावांत त्स होतो: लोरेन्त्सो, विन्चेन्त्सो, कोस्तान्त्सा, ग्रात्स्या, माउरित्स्यो. काही नावांत, विशेषत: सुरुवातीला, द्झ: झाकारीचं द्झाक्कारीआ. इंग्रजांना आणि हिंदीभाषकांना हे ध्वनी शिकावे लागतात. मराठीत ते जन्मापासून आहेत, ‘चमचा’तला च आणि ‘जोर’मधला ज.

## ६. आघात कुठे

नियम असा की आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर: रोबेर्तो, मार्गेरीता, फ्रान्चेस्को, एन्रीको. शेवटच्या अक्षरावर असेल तर लिखाणात स्वरावर खूण असते, जसं निक्कोलो आणि ज्योझुए यांच्या शेवटी. खूण दिसली तर ती पुसू नका.

अडचण तिसऱ्या गटाची. यात आघात शेवटून तिसऱ्यावर असतो आणि स्पेलिंगमध्ये त्याचा मागमूस नसतो. ही नावं पाठच करावी लागतात: ज्याकोमो, स्तेफानो, एलेना, आन्जेला, मोनिका, बार्बारा, आगाता, दाविदे, मास्सिमो, एत्तोरे, देबोरा, ब्रीजिदा, क्रिस्तोफोरो, जिरोलामो. पहिल्या बारांत जोर पहिल्याच अक्षरावर येतो, शेवटच्या दोघांत दुसऱ्यावर. ‘स्तेफाऽनो’ आणि ‘एलेऽना’ या चुका सगळ्यात जास्त कानावर येतात.

दुसरी फसवी जागा आयएनं संपणारी नावं. मारीआ, लुचीआ, सोफीआ, मात्तीआ यांत ई वर जोर आहे आणि ती वेगळी म्हणायची. ज्यूल्या, एमील्या, चेचील्या, सिल्व्या यांत तो स्वर पुढच्यात विरघळतो.

तपासा: नाव मोठ्यानं म्हणून बोटांवर अक्षरं मोजा. ज्यूल्या २, लुचीआ ३, ज्योवान्नी ३, पाओलो ३. मोजणी चुकली तर पाचव्या टप्प्यातला मुका आय पुन्हा बघा.

## ७. देवनागरीत उतरवताना

टी आणि डी इटालियनमध्ये दातांवरचे आहेत, म्हणजे त आणि द. ट-ड ही इंग्रजीची सवय. ‘रॉबर्टो’, ‘लिओनार्डो’ वाचायला ओळखीचं वाटतं, बरोबर आहे रोबेर्तो आणि लेओनार्दो. ॲ आणि ऑ पूर्ण वर्ज्य. ए अक्षराचा उच्चार नेहमी स्वच्छ आ: आन्ना, आन्तोन्यो, कार्लो. ‘अ’ लिहिला की मराठी जीभ तो गिळते, म्हणून प्रत्येक ठिकाणी काना द्या.

दुहेरी व्यंजन हे शोभेचं नसतं. मराठीत ‘सत्ता’तला एक त काढला तर शब्द मरतो, तसंच इथे. आन्ना, फिलिप्पो, मात्तेओ, रिक्कार्दो, ज्योवान्नी: जोडाक्षर लिहा आणि म्हणताना थांबा.

च आणि ज चं दुखणं मराठीपुरतं आहे. आपल्या च ला दोन आवाज आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला, आणि लिपी दोन्हींना एकच अक्षर देते. ‘जोवान्नी’ लिहिलंत तर वाचक तो ‘जोर’सारखा वाचतो. म्हणून आ, ओ, उ यांच्या आधी य जोडा: ज्योवान्नी, ज्याकोमो, ज्युझेप्पे, लुच्यानो. हा य फक्त खुणेचा आहे, वेगळा म्हणायचा नाही. उलट ‘चाक’मधला आवाज हवा असेल तर ‘त्स’ लिहा. विन्चेन्त्सोत दोन्ही आवाज शेजारी येतात, तिथे ‘विंचेंचो’ लिहून कुणाला काही कळणार नाही.

यातही एक चोरवाट आहे. ‘चेहरा’तला चे आणि ‘आईचे’मधला चे वेगळे आहेत. आलीचे, बेआत्रीचे, फेलीचे ही नावं ‘चे’नं संपतात, आणि मराठी डोळा त्याला षष्ठीचा प्रत्यय समजतो. ‘बेआत्रीचे पत्र’ असं लिहिलं तर पत्र बेआत्री नावाच्या कुणाचं तरी ठरतं. अशा वाक्यात प्रत्यय पूर्ण लावा, ‘बेआत्रीचेचं पत्र’. कानाला विचित्र वाटत असेल तर वाक्य फिरवा: ‘बेआत्रीचेनं लिहिलेलं पत्र’.

अनुस्वार जपून. र आणि स यांच्या आधी मराठी अनुस्वाराचा उच्चार ‘संसार’मधल्यासारखा व कडे झुकतो. म्हणून ‘एंरीको’, ‘आल्फोंसो’ नको. एन्रीको, आल्फोन्सो लिहा. त-द-क च्या आधी अनुस्वार चालतो, तरी एकाच यादीत दोन पद्धती नकोत.

आघात असलेली ई किंवा ऊ दीर्घ लिहा, नसेल तर ऱ्हस्व: लुईजी, मार्गेरीता, ऊगो. पुढे दुहेरी व्यंजन असेल तर आघात असूनही ऱ्हस्वच: फिलिप्पो, ज्युदित्ता. शब्दाच्या शेवटची ई मराठी लेखननियमाप्रमाणे दीर्घ राहील, ती आघाताची खूण समजू नका. व्हीसाठी साधा व पुरतो. ‘व्ह’ मधला श्वास इटालियनमध्ये नाही. वर्तमानपत्राची शैली ‘व्ह’ची असेल तर तशी लिहा, फक्त सगळीकडे.

## ८. उलट दिशेनं जाताना

इटालियनवरून इंग्रजीकडे येताना हेच नियम उलटे लावून भागत नाही. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या इटालियनांनी अर्थानं जुळणारं नाव घेतलंच असं नाही. सिनेदिग्दर्शक फ्रान्चेस्को काप्राचा फ्रँक झाला, त्याच्या कितीतरी आधी दर्यावर्दी ज्योवान्नी काबोतोला इंग्रजांनी जॉन कॅबट केलं. इथपर्यंत सरळ आहे. पण शिकागोतला गुंड ‘बिग जिम’ (जेम्स) कोलोसिमो जन्मानं विन्चेन्त्सो होता, आणि माफिया टोळीप्रमुख चार्ल्स ‘लकी’ लुच्यानो जन्मानं साल्वातोरे. जेम्सचं मूळ ज्याकोमोच असणार असं धरून शोधणारा माणूस विन्चेन्त्सोच्या नोंदीवरून पुढे निघून जातो. त्यामुळे उलट शोधात नाव हा एकच धागा धरू नका. जन्मतारीख, गाव, आईबापांची नावं जुळली तरच माणूस तो.

चर्चच्या लॅटिन नोंदींत योहान्नेस म्हणजे ज्योवान्नी, आलोयसियस म्हणजे लुईजी. याकोबुस दिसला तर तो बहुतेक वेळा ज्याकोमो, क्वचित ज्याकोब्बे.

## सराव: एकाच माणसाची पाच नावं

१८८२ मध्ये लूगो गावी जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत चार्ल्स म्हणून ओळखल्या गेलेल्या एका ठगाचं पूर्ण नाव कार्लो प्येत्रो ज्योवान्नी गुल्येल्मो तेबाल्दो. उजवीकडची बाजू झाकून इंग्रजी जोड्या स्वत: लावून बघा: चार्ल्स, पीटर, जॉन, विल्यम, थिओबाल्ड. ज्योवान्नीत जे चा जीआय, गुल्येल्मोत डब्ल्यू चा जीयू आणि जीएलआय चा ल्य, तेबाल्दोत टीएच चा टी. आता देवनागरी तपासा: तेबाल्दोत ट-ड शिरला का, प्येत्रो दोनच अक्षरांचा राहिला का, ज्योवान्नीत न्न आहे का. आडनाव पी-ओ-एन-झेड-आय, झेडचा त्स, म्हणजे पोन्त्सी. फसव्या गुंतवणुकीला मराठीत आपण ‘पाँझी योजना’ म्हणतो, ती रुळली आहे, तशीच राहू द्या. माणसाचं नाव लिहिताना मात्र पोन्त्सी.